असोद्याच्या परसातली गाडी

आमच्या दुकानात मागच्या भिंतीला एक गोणी टांगलेली आहे. जळालेल्या मोटारीतून काढलेली जुनी तार आम्ही तिच्यात टाकतो. मिक्सरची बारीक, कूलरची त्याहून जाड, शेतातल्या पाणबुडी मोटारीची त्याहून जाड. गोणी भरली की भंगारवाला घेऊन जातो. पण तारेच्या प्रत्येक गुंत्यासोबत त्या घरची एखादी गोष्टही दुकानात आलेली असते. ती भंगारवाला नेत नाही. ती माझ्याजवळच साचते.

जळगावात पंचवीस वर्षं मी वाइंडिंग करते. दहावी झाले, लग्न झालं, आणि यांच्याकडून हे काम शिकले. हे बाहेर विहिरीवर मोटारी बसवायला जातात, मी दुकानात तार गुंडाळते. अजूनही नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्यामागे बघत विचारतं, "कारागीर कुठे गेले?"

एवढ्या वर्षांत जितक्या गोष्टी साचल्या, त्यातल्या निम्म्या तरी जवळच्याच असोदा गावातल्या एका परसातल्या आहेत. आज त्याच सांगते.

*

एप्रिल महिना होता. कूलरच्या मोटारींची रांग लागलेली. अशात एक म्हातारे गृहस्थ टॉवेलात काहीतरी गुंडाळून आत आले. न्हाऊ घातलेलं बाळ धरावं तसं दोन्ही हातांवर धरलेलं. मी आपलं स्टूल सरकवून दिलं.

त्यांनी टॉवेल उलगडला. आत रेल्वेचं इंजिन! कोपरापासून बोटांपर्यंत लांब. खिडक्या, दिवे, पायऱ्या, सगळं जिथल्या तिथे.

आमचे हे तेव्हा दुकानातच होते. म्हणाले, "काका, आम्ही खेळणी घेत नाही."

म्हाताऱ्यांनी इंजिन परत टॉवेलात गुंडाळलं. राग नाही, काही नाही. फक्त म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं गाडी चालवली. मला खेळणं कळतं."

आणि निघाले.

मी उठून त्यांच्यामागे रस्त्यावर गेले. "आणा इकडे," म्हटलं. "आत मोटार आहे ना? मग ते आमचंच काम."

ते नाना. पाचोरा ते जामनेर जी छोटी गाडी होती, तिचे ड्रायव्हर. गाडी बंद व्हायच्या आधीच ते रिटायर झाले होते. पुढे गाडी थांबली ती थांबलीच. आज शेवटची फेरी आहे, असं कोणी कोणाला सांगितलं नाही. हार नाही, नारळ नाही. म्हणून नानांनी असोद्याला घराच्या परसात अडीच बोटं रुंदीचे रूळ टाकले. भाच्याने परदेशातून दोन जुनी इंजिनं आणून दिली होती. ती तिकडच्या डोंगरातल्या गाड्यांची, वाफेची, लांब धुराड्याची. नानांनी त्यातल्या एकाचं वरचं सगळं उतरवलं आणि गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर आपल्या छोट्या गाडीच्या डिझेल इंजिनाचं घर बसवलं. रुळातून वीज देण्याऐवजी पुढे बॅटरीही बसवली, पण ते नंतर. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत केसासारख्या तारेची पाच खाचांची आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा गाभा, होती आणि ती काळी ठिक्कर पडली होती.

मी नवीन वाइंडिंग केलं, वार्निश लावलं आणि वाळायला घराच्या पत्र्यावर ठेवलं. शेजारी कुरडया. संध्याकाळी सासूबाईंनी सगळं एकत्र गोळा केलं. इंजिनाची मोटार दोन दिवस कुरडयांच्या डब्यात होती!

नानांना सांगितलं तर म्हणाले, "चालेल. चांगली कडक झाली असेल."

*

इंजिनात मोटार बसवायला मी पहिल्यांदा असोद्याला गेले तो रविवार होता. परस म्हणजे एका बाजूला केळीची बाग, मध्ये चिकू, लिंबू, टोकाला विहीर. मागच्या दाराशी विटांचा छोटा फलाट आणि पाटी, 'पाचोरा'. चिकूखाली 'पहूर'. विहिरीपाशी 'जामनेर'. तिथून वळून गाडी परत पाचोऱ्याला.

मी मोटार बसवली, इंजिन रुळावर ठेवलं. दुकानात आपण काय करतो? काम झालं की बटण दाबून बघतो. मी बटण दाबलं. इंजिन हातभर पुढे गेलं.

"थांब!" नाना ओरडले.

त्याच वेळी चिकूखालून दुसरा आवाज, "मी झेंडी दखाडी का? मंग गाडी कशी हालनी?"

मला वाटलं माझा हात चिरडला की काय! मी हात बघितला. ठीक होता.

चिकूखालचे ते आबा. पाचोऱ्याचे. नानांच्याच गाडीवर गार्ड होते. दर रविवारी पॅसेंजरने जळगाव, तिथून बसने असोदा. सोबत काळी पत्र्याची पेटी. पेटीत एक हिरवी झेंडी, एक लाल, शिट्टी आणि एक वही. सगळ्यात मागचा, सातवा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने केलेला, गार्डाचा.

नाना मला समजावत म्हणाले, "ताई, इंजिन माझं. पण गाडी गार्डाची. त्याने हिरवी दाखवल्याशिवाय ड्रायव्हरने हात लावायचा नाही."

"पण नाना, नुसतं इंजिन होतं. गाडी कुठे होती?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. हा मुद्दा त्यांना नवीन होता. आबांनी वही उघडली, थोडा विचार केला आणि काहीतरी लिहिलं. मी नंतर डोकावून वाचलं.

'इंजिन विनापरवानगी एक हात सरकले. कारण : कारागीर नवीन.'

एवढ्या वर्षांत मला कोणी पहिल्यांदा कारागीर लिहिलं होतं.

*

त्या वहीत प्रत्येक फेरी लिहिलेली असते. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, आणि थांबली तर कारण. कारणाशिवाय गाडी थांबत नाही, हा आबांचा नियम. मी मागची पानं चाळली आहेत. 'मांजर रुळावर झोपले, चाळीस मिनिटे.' 'अक्कांचे वाळवण.' 'ड्रायव्हर चहाला.'

अक्का म्हणजे नानांच्या बायको. रुळाकडे कधी बघायच्या नाहीत. पाणी भरताना, भांडी घासताना रूळ ओलांडून जायच्या. दोघं म्हातारे गाडीत गुंतलेले, आणि ह्या मधून कळशी घेऊन चाललेल्या.

एकदा इंजिन लिंबापाशी थांबायला लागलं. नेमकं एकाच जागी. तेव्हा वीज अजून रुळातूनच यायची. पहिल्या रविवारी आम्ही मोटारीला वीज पोचवणारे कार्बन बदलले. दुसऱ्या रविवारी चाकं काढली. तिसऱ्या रविवारी इंजिन पूर्ण उघडून चटईवर मांडलं, एकेक स्क्रू. आबा वहीत लिहायला बसले, नाना चष्मा पुसत बसले, मी मीटर लावून बसले.

अक्का कळशी घेऊन तिथून चालल्या होत्या. थांबल्या.

"इंजिनाले कायले उघडू राह्यले? आधी रूळ पुसा ना! केळीचं पान टपकू राह्यलं तिथं."

वर बघितलं. बागेतलं एक कापलेलं पान लिंबावरून लोंबत होतं. त्याचा चीक थेंबथेंब रुळावर पडून काळा थर बसला होता. त्या थरावर चाक आलं की वीज तुटायची.

अक्कांनी रॉकेलचा बोळा आणून रूळ पुसला आणि कळशी उचलून गेल्या. आम्ही तिघं चटईवरचे स्क्रू मोजत बसलो.

आबांनी वहीत लिहिलं, 'कारण : केळीचा चीक. दुरुस्ती : अक्का.'

त्यानंतरच नानांनी बॅटरी बसवली.

*

बॅटरी बसवली तसं ओझं वाढलं आणि आतलं प्लास्टिकचं चाक तडकलं. दातांचं चाक, अंगठ्याच्या नखाएवढं. जळगावात कोणी एवढं बारीक करून द्यायला तयार होईना. धुळ्याचे एक टर्नर, युसुफभाई, आमच्या यांच्या ओळखीचे. मी आणि नाना बसने धुळ्याला गेलो. चाक हरवू नये म्हणून मी ते टिफिनच्या वरच्या खणात, लोणच्याच्या वाटीत ठेवलेलं. वाटी धुतलेली होती, पण वास होताच.

युसुफभाईंच्या लेथवर तेव्हा उसाच्या चरकाचं भलं मोठं चाक चढलेलं.

"किसका गिअर है, चाचा?"

"रेल्वेच्या इंजिनाचा," नाना म्हणाले.

युसुफभाईंनी हात पुसले, दोन पोरांना चरकाचं चाक उतरवायला सांगितलं, लेथ रिकामी केली. "लाओ."

मी टिफिन उघडला.

युसुफभाई त्या नखाएवढ्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले. हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. नानांकडे बघितलं, परत चाकाकडे बघितलं. मग विचारलं, "लोड कितना खींचना है?"

"सात डबे. आणि लिंबापाशी चढ आहे."

"फिर पीतल का बनाते हैं."

दुपारपर्यंत भिंग लावून बसले. नाना समोर स्टुलावर. जेवले नाहीत. झालं तेव्हा युसुफभाईंनी एका बाजूला खिळ्याने काहीतरी कोरलं. मोठ्या कामावर ते नेहमी कोरतात, कुठे बनलं ते. नानांनी डोळ्यापाशी नेऊन वाचलं, 'धुळे'.

परतताना बसमध्ये, पारोळा गेल्यावर नाना म्हणाले, "ताई, आमच्या गाडीने कधी धुळं बघितलं नाही. आता धुळंच गाडीत बसून आलं!"

*

आता एक चूक माझी.

पहूरजवळ रूळ खचला होता. आबांनी खडी काढली आणि रुळांच्या मध्ये लाल झेंडी रोवून ते जेवायला आत गेले. मी अक्कांना मदत म्हणून परस झाडत होते. झेंडी आडवी आली. मी उपटून भिंतीला लावली, झाडून घेतलं, परत होती तिथे रोवली. किती? दोन मिनिटं.

नानांनी खिडकीतून बघितलं. हातातला घास ताटात ठेवून बाहेर आले. नाना माझ्यावर चिडले असा तो एकच दिवस.

"ताई, ती तू रोवली होतीस?"

"नाही."

"मग तू कशी काढलीस? ज्याने लाल रोवली त्यानेच काढायची. तो नसेल तर वाट बघायची. स्टेशन मास्तर आला तरी हात लावत नाही. का रोवली ते रोवणाऱ्यालाच माहीत असतं."

मी म्हटलं, "चुकले नाना."

ते शांत झाले. पायरीवर बसले आणि एक गोष्ट सांगितली. तीस वर्षांत आबांनी त्यांना एकदाच विनाकारण लाल दाखवली होती. एका छोट्या स्टेशनात. सिग्नल झालेला, माणसं चढलेली, आणि मागच्या डब्यातून लाल झेंडी. नाना उतरून मागे गेले. विचारलं, काय झालं? आबा म्हणाले, "गार्डले कोनी इचारत नही." सात-आठ मिनिटं गेली. मग लांबून शेतातून एक बाई पळत आली. कडेवर तापाने फणफणलेलं लेकरू. ती चढली. हिरवी झाली.

"वहीत काय लिहिलं?" मी विचारलं.

"लिहिलं, गार्डाने थांबवली. एवढंच. वरून विचारणा झाली, मेमो मिळाला. तरी कारण लिहिलं नाही."

"का?"

"बाईचं नाव कागदावर येईल म्हणून."

आबा आतून ओरडले, "नाना, भात गार व्हई ऱ्हायना!"

*

मग आबांचं सुरतचं ठरलं.

त्यांच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. पाचोऱ्याला एकटेच राहायचे. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, एकदा फलाटावर पडलेही. सुरतला मुलगी आहे, तिने हट्ट धरला. रविवारी चिकूखाली बसून आबांनी हे सांगितलं. अक्का भांडी घासत होत्या, त्यांनी नळ बंद केला.

"पन त्याआधी एक पुरी फेरी पाहिजे," आबा म्हणाले. "सात डबा. पाचोरा ते जामनेर, मधमा थांबनी नही पाहिजे. आपली गाडीले शेवटनी फेरी भेटनी नही. ती आठे व्हऊ दे. मंग मी सुरतले जास."

तोपर्यंत सात डबे घेऊन लिंबाचा चढ गाडी कधी चढलीच नव्हती. चार डबे, फार तर पाच. नाना म्हणाले, "करू." मी पण म्हटलं, "करू." थोडी जाड तार घेतली, वेढे नीट मोजले, वार्निशचे दोन हात दिले. जीव ओतून केलं म्हणा ना. तयार मोटार शुक्रवारी नाना दुकानातून घेऊन गेले.

रविवारी लिंबाच्या चढावर मोटार जळाली.

मी परत केली. पुढच्या रविवारी परत तिथेच जळाली.

तिसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा जळाली. धूर आला, वास आला, सात डबे हळूहळू मागे घरंगळत पहूरला गेले.

आबांनी वही बंद केली. माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "बहिन, तुन्हा हात बिघडना का वं?"

ते चिडून बोलले असते तर मला काही वाटलं नसतं. घरी जाताना बसमध्ये मी माझे हात बघत होते. चाळिशी ओलांडली की बारीक तार दिसेनाशी होते. मला वाटलं, झालं. कारागीर लिहिलं होतं ना वहीत? पुसा आता.

*

जळालेली आर्मेचर मी गोणीत टाकली नाही. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा भिंगाखाली घेतली.

ओझ्याने मोटार जळते तेव्हा सगळीकडून सारखी काळी होते. ही एकाच खाचेत जळाली होती. बाकीची तार चांगली तांबूस. आणि त्या खाचेशी दोन वेढ्यांवर एक सरळ, चकचकीत रेघ. कोणीतरी तारेवरचं कोटिंग सुईने खरवडलं होतं. दोन वेढे एकमेकांना लागले की गेली मोटार.

मग मी बांधणीचा दोरा बघितला. तारेवर शेवटी दोरा बांधतात. माझी गाठ डाव्या अंगाला असते, हे मला डोळे मिटूनही कळतं. ही उजवीकडे होती.

पुढच्या दिवशी दुकान यांच्यावर सोडून असोद्याला गेले. नाना गावात गेलेले. अक्का शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर आर्मेचर ठेवली आणि सगळं सांगितलं.

अक्कांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "माही गोधडीची सुई शनिवारी गायब व्हते आनं रविवारी सापडते. मले काय कळत नाही?"

"अक्का, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू बांधू राह्यली, हे खरवडू राह्यले. दोघंबी आपआपलं काम चोख करू राह्यले!"

मला हसू आलं आणि रडूही आलं.

नाना आले. मी त्यांच्या तळहातावर आर्मेचर ठेवली. "नाना, ही गाठ माझी नाही."

ते उभेच राहिले. मग खाली बसले. "रेल्वेत असतो तर सस्पेंड झालो असतो, ताई."

"कशासाठी केलंत?"

"गाडी जामनेरला पोचली की तो उतरून जाईल."

पण मलाही माझं सांगायचं होतं. "आबांनी मला विचारलं, हात बिघडला का म्हणून."

नानांनी वर बघितलं. "तुला विचारलं?"

"हो."

बराच वेळ ते आर्मेचर फिरवत बसले. "हे माझ्या ध्यानात आलं नाही," म्हणाले. "मला वाटलं इंजिनालाच बोल लागेल. ज्याने बांधलं त्याला लागेल, हे ध्यानातच नाही आलं."

आत जाऊन त्यांनी अक्कांच्या डब्यातली सुई आणली आणि माझ्या हातात दिली. "ही तू घेऊन जा. आता शेवटचं बांध. मी हात लावत नाही."

अक्का म्हणाल्या, "माही सुई हाय ती!"

*

तो रविवार.

इंजिन मी माझ्याकडेच ठेवलं होतं. सकाळी मांडीवर घेऊन बसने आले. आबांची मुलगी आणि जावई सुरतहून कार घेऊन आले होते. आबांचं सामान पाचोऱ्याहून कारमध्येच भरून आणलेलं, वळकटी काचेतून दिसत होती. जेवण झालं की निघायचं.

अक्कांनी झेंडूचा छोटा हार केला होता, इंजिनाच्या मापाचा. नानांनी ठेवणीतला खाकी शर्ट घातला होता. आबांनी काळी पेटी उघडली, शिट्टी गळ्यात घातली, सात डबे एकेक करून हाताने चाचपले.

"बठ्ठं तयार शे?"

"तयार," नाना म्हणाले.

हिरवी झेंडी वर झाली. नानांनी बटण दाबलं.

गाडी निघाली. आबा नेहमीसारखे सातव्या डब्याच्या बाजूने चालत होते. नाना इंजिनाच्या बाजूने. पहूर गेलं. गाडी लिंबाच्या चढाला लागली. इंजिनाचा आवाज जड झाला. मी मोजत होते, काय ते मला माहीत नाही, पण मोजत होते. वास येतो का म्हणून नाक पुढे केलं. चौथा डबा चढला. पाचवा. इंजिन थरथरायला लागलं, पण थांबलं नाही. सहावा. गार्डाचा डबा चढावरून पलीकडे उतरला तेव्हा आबांच्या जावयाने टाळ्या वाजवल्या. अक्कांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

नाना खाली बघत चालत होते. समोर विहीर, तिच्यापाशी जामनेरची पाटी, त्याआधी लोखंडी खांबाचा छोटा सिग्नल. स्टेशनाच्या आधीच्या त्या सिग्नलला रेल्वेवाले होम म्हणतात. तिथून जामनेर दोन हात.

शिट्टी वाजली.

आबा भरभर पुढे आले, त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही इतक्या भरभर. इंजिनाच्या पुढे वाकले आणि रुळांच्या मध्ये लाल झेंडी रोवली.

नानांनी गाडी थांबवली. झेंडीपासून चार बोटांवर.

केळीची पानं तेवढी वाजत होती. नाना झेंडीकडे बघत होते, आबांकडे बघत होते.

"आबा? रस्ता खराब आहे का?"

"नही. रस्ता साफ शे."

"इंजिन?"

"इंजिन बरोबर. लोड बरोबर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बहिन, तुन्हा हात बिघडेल नव्हता. मले माहीत व्हतं."

नानांनी वही घेतली. पेन उघडलं. "कारण काय लिहू?"

आबांनी शिट्टी गळ्यातून काढून पेटीत ठेवली, हिरवी झेंडी गुंडाळून ठेवली, पेटी बंद करून नानांच्या हातात दिली.

"गार्डले कोनी इचारत नही," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

जेवण झालं. चार वाजता सुरतची कार निघाली.

त्याला आता आठ महिने झाले. गाडी अजून लाल झेंडीपुढेच उभी आहे, सात डब्यांसकट. दर पंधरा दिवसांनी मी जाते, लांब वायर टाकून तिथल्या तिथेच बॅटरी चार्ज करते. पाऊस आला की अक्का इंजिनावर आणि डब्यांवर घमेली पालथी घालतात. झाडतात तेव्हा झेंडीच्या भोवतीने झाडतात. झेंडीचं कापड उन्हाने गुलाबी झालंय.

दर रविवारी अकराच्या सुमाराला नानांचा फोन वाजतो. मागच्या रविवारी मी तिथेच होते. नानांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नाना, गाडी कोठे शे?"

"जामनेरच्या होमला उभी आहे."

"झेंडी?"

"तुझीच. तशीच."

पलीकडून सुरतच्या रस्त्याचा आवाज येत होता.

"ऱ्हाऊ दे."